साध्या गाडीतलं वरचं इंजिन

ती पांढरी गाडी अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. निवृत्त झाल्यापासून लोक मला खुनाच्या नाहीतर दरोड्याच्या गोष्टी विचारतात. मी सांगतो ती एका इंजिनाची. ऐकणाऱ्याचं तोंड आधी वाकडं होतं. होऊ दे, आपलं काय जातं!

तेव्हा मी गडचिरोली जिल्ह्यात, जंगलाला लागून असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. त्या सुमारास चंद्रपूर-बल्लारपूर पट्ट्यातून चारचाकी गाड्या चोरीला जात होत्या. चोरलेल्या गाडीचा पत्रा भंगारात जायचा आणि इंजिन दुसऱ्याच गाडीत बसायचं. वरिष्ठ रोज फोनवर मला झापायचे आणि मी माझ्या माणसांवर खेकसायचो. असा आमचा नित्यक्रम चालला होता.

एका सकाळी आमचा खबऱ्या आला. टपरीवर बसून अख्ख्या रस्त्यावर नजर ठेवणारा हा गडी. म्हणाला, "साहेब, त्या आतल्या गावची पांढरी गाडी पाहा तुमी. कंपनीचं सगळ्यात साधं मॉडेल आहे. पन गच्च मानसं भरून घाटी अशी चढते का ट्रकवाले पाहतच राहतात. साध्या गाडीत एवढा दम कुठून आला?"

प्रश्न बिनतोड होता. मी नाकाबंदी लावली आणि बाजाराच्या दिवशी गाडी अडवली. चासी नंबर आरसी बुकाशी जुळला, इंजिन नंबर जुळला नाही. पंच बोलावले, पंचनामा केला, गाडी मुद्देमाल म्हणून ठाण्याच्या आवारात उभी केली आणि चालकाला आत घेतलं.

चालक गोंड समाजाचा, चाळिशीचा, अंगानं काटक. गाडी त्याची एकट्याची नव्हती. गावानं ती तेंदूपत्त्याच्या आणि बांबूच्या सामाईक उत्पन्नातून घेतली होती. आजारी माणूस, बाळंतीण, परीक्षेची पोरं, साऱ्यांना पोचवणारी ती एकच गाडी. चोरी सिद्ध झाली तर हा तुरुंगात जाणार आणि गाडी आमच्या आवारात गंजणार, हे त्याला कळत होतं.

आमचा एक हवालदार गाड्यांचा भारी शौकीन. बॉनेट उघडून त्यानं मला शिकवणी दिली. एकाच आकाराची गाडी कंपनी दोन तऱ्हेनं विकते. साधं मॉडेल आणि जोरकस वरचं मॉडेल. ह्या साध्या गाडीत वरच्याचं इंजिन बसवलं होतं.

"काय रे," हवालदारानं चालकाला विचारलं, "एवढी हौस होती तर ही विकून वरचं मॉडेलच घ्यायचं ना. हे म्हणजे बैलबंडीला घोडा जुंपला. थांबवणार कसा?"

"ब्रेकबी बदलले न भाऊ," तो म्हणाला. "वरची गाडी खाली बसते. आमच्या पांदनीत तिचं पोट घासते. अन् ही विकाची म्हनलं तं साऱ्या गावानं हो म्हनाले पायजे. आमच्यात एकानं जरी नाई म्हनलं, तं काम होत नाई. एका बुढीनं नाईच म्हनलं. तिचा नातू ह्याच गाडीत झाला."

"मग इंजिन बदलायची परवानगी कोणाची काढली?" मी विचारलं.

त्याला माझा प्रश्नच कळेना. "ग्रामसभेची. सारं गाव बसलं, साऱ्यायनं हो म्हनलं. अजून कोनाले इचाराचं?"

मी कपाळावर हात मारला. गावानं एकमुखानं ठरवलं की झालं, ही त्यांची रीत. जंगलाचं, बांबूचं सगळं ते तसंच ठरवतात आणि चोख ठरवतात. आरटीओ नावाचा देव त्यांच्या देवळात नव्हताच.

इथपर्यंत तो मोकळेपणी बोलत होता. "इंजिन आणलं कुठून?" म्हणताच तोंडाला कुलूप. प्रेमानं विचारलं, दरडावून विचारलं. मान खाली घालून एकच उत्तर, "चोरलं नाई साहेब. देल्लं आहे आमाले. कोनं देल्लं, ते नाई सांगत."

इंजिन नंबरावरून मूळ मालक सापडला. वरोऱ्याचा एक कापसाचा अडत्या. पण कागदोपत्री त्याची गाडी अपघातात मोडून भंगारात गेलेली होती. वरोऱ्याच्या ठाण्यातून शिपाई त्याच्या घरी गेला, तर तो बाजारात. बायकोनं दारातच सांगितलं, "ती गाडी कापून वितळवली. तिचा खिळाबी उरला नाई."

वितळलेल्या गाडीचं इंजिन माझ्या आवारात धडधाकट उभं! मला वाटलं, आता टोळीच हाती लागली. खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात वरिष्ठांची शाबासकीही ऐकून घेतली.

दुसऱ्या दिवशी गावातली माणसं तापानं फणफणलेल्या एका म्हाताऱ्याला खाटेवर घालून खांद्यावरून दवाखान्यात घेऊन आली. घाटीतून पायी. दवाखाना ठाण्याच्या समोरच. खाट उतरवली आणि सगळे आमच्या आवारातल्या गाडीकडे पाहत उभे राहिले. कोणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

मी आत जाऊन चालकाला शेवटचं सांगितलं, "ऐक, वरोऱ्याच्या बाईनं सांगितलंय, ती गाडी वितळवली. आता तू चोर ठरतोस."

तो खाडकन उभा राहिला. "बाईले काऊन सांगतलं साहेब तुमी? तिले कळालं नाई पायजे होतं." आणि रडायलाच लागला.

चोर स्वतःसाठी रडतो, हे मी आयुष्यभर पाहिलं होतं. हा आपल्या तुरुंगाचं सोडून वरोऱ्याच्या कुठल्या बाईसाठी रडत होता. मी स्टेशन डायरीला नोंद केली आणि साध्या कपड्यांत स्वतः वरोऱ्याला गेलो.

अडत्या बाजारात भेटला. गाडीचं नाव काढताच मला बाजूला घेऊन गेला आणि एका दमात सारं सांगून टाकलं. त्याच्या एकुलत्या एका पोराला गाड्यांचं वेड. हट्टानं वरचं मॉडेलच घेतलं. मित्राच्या लग्नाला आमच्या भागात येताना रानडुक्कर आडवं आलं आणि गाडी कुशीवरून सागाला आदळली. त्या गावच्या लोकांनी पोराला बाहेर काढलं, आपल्या पांढऱ्या गाडीत घातलं. माणसं भरलेली, वर घाटी. गाडी मध्येच दमली. पोरगं दवाखान्यापर्यंत पोचलं नाही.

"बायको म्हने, त्या गाडीचा तुकडाबी कोनाच्या हाती नको. मी हो म्हनलं," अडत्या म्हणाला. "पन इंजिन साबूत होतं साहेब. मले वाटलं, हे त्याईच्या गाडीत गेलं तं दुसऱ्याचं पोरगं तरी पोचन. आमच्याच मिस्त्रीच्या हातानं बसवून देल्लं. त्या डायवराले शपथ घातली, का हिच्या कानावर जाऊ देऊ नको."

माझी टोळी तिथंच विरली. पण कायदा कायदा असतो. इंजिन कायदेशीर करायचं तर मूळ मालकाचा जबाब हवा आणि आता ते घरात लपणारं नव्हतं. मी म्हणालो, "तुम्हीच सांगा त्यांना. पोलिसाच्या तोंडून ऐकायला लावू नका."

दोघं ठाण्यात आले. बाई गाडीकडे न बघता सरळ आत येऊन बसल्या. नवऱ्याचा जबाब झाला. मग चालकाकडे वळून म्हणाल्या, "तूच होता का रे त्याच्यासोबत? काई बोलला का तो? मले कोनीच सांगत नाई."

चालकानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तो हात जोडून म्हणाला, "बोलला बाई. घाटीत गाडी लय गरम झाली. तो पडल्या पडल्या म्हने, भाऊ, इंजिन जळून जाईन, थांबव, पानी टाक तिच्यात. मी थांबवली. पानी टाकून पाह्यलं, तं तो गेला होता. मी थांबलो नसतो तं..."

ठाण्यात हे त्यानं कोणालाच सांगितलं नव्हतं. गावालासुद्धा नाही.

मला वाटलं, बाई आता त्याला शाप देणार. त्यांनी पदरानं डोळे पुसले. मग म्हणाल्या, "तसाच होता तो. आधी गाडीले पानी, मंग सोता जेवन." आणि मला म्हणाल्या, "साहेब, माहीबी सही घ्या. इंजिन त्याईचं आहे."

मोटार वाहन कायद्याचा दंड झाला, इंजिन नंबर आरसी बुकात चढला आणि सुपुर्तनाम्यावर सही घेऊन गाडी गावाच्या ताब्यात दिली. चोरांची टोळी पुढं दुसऱ्याच ठाण्यानं पकडली. शाबासकी त्यांना मिळाली, आणि खरं सांगतो, मला त्याचं काही वाटलं नाही.

खरं काय, एवढंच आम्ही पोलीस विचारत असतो. ते खरं कोणाच्या काळजाला लागेल, याचा विचार कधीकधी कोठडीतल्या माणसानं आमच्या आधीच करून ठेवलेला असतो. त्यानंतर मी गप्प बसलेल्या माणसावर हात उगारला नाही, आवाजही चढवला नाही.

गाडी सुटली त्या दिवशी बाई मुद्दाम पुन्हा वरोऱ्याहून आल्या होत्या. गाडी निघताना त्या खिडकीपाशी गेल्या. चालकाच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आता घाटीत थांबू नोको, बाबू."