कंपनीची भाकरी

करपल्या भाकरीचा वास आला की पिंपरीचं आमचं गेलेलं रान आठवतं. कारखान्यासाठी जमीन मोजायला आलेला साहेब बांधावर उभा राहून आम्हा बापलेकांना अक्कल शिकवत होता, "कंपनी हा शब्द मूळ लॅटिन. त्याचा अर्थ, एकत्र भाकरी खाणारी माणसं." वडिलांनी फडकं सोडलं आणि कडेला करपलेली भाकरी मोडून अर्धी त्याच्यापुढं धरली. रानात आलेल्याला, मग तो वैरी का असेना, उपाशी धाडायची आमच्यात रीत नव्हती. साहेबानं हात मागं घेतला. "नको, मला सवय नाही." वडिलांनी ती अर्धी बैलाला चारली. "मंग आमाला कशाला शिकवतूस? उतर बांधावरनं!" पुढं त्याच कंपनीत मी तीस वर्षं राबलो, पण तिच्या कँटीनमध्ये एक घासही खाल्ला नाही.