हिरव्या शटरपुढचं हळदीकुंकू

खोटं बोलायचं तर पत्ता तरी खोटा सांगावा, एवढीही अक्कल मला नव्हती. चौथीत होते, वेणी कमरेपर्यंत आणि शहाणपणाच्या नावानं बोंब.

बाबांची कारखान्यातली नोकरी सुटली, तसं क्वार्टरही गेलं. ते काम शोधायला नागपूरला गेले. आई, धाकटा भाऊ आणि मी घमापूर मोहल्ल्यात एका कापड दुकानाच्या ओट्यावर झोपू लागलो. मालक वरच राहत. त्यांची अट एकच: इथं कोणी राहतं हे लोकांना कळता कामा नये. ओटा गेला की आम्हाला स्टेशनशिवाय जागा नव्हती.

संक्रांतीनंतर वर्गमैत्रिणीच्या बंगल्यावर हळदीकुंकू होतं. आई गेली नाही. मी मात्र सगळ्यांच्या आधी हजर. त्यांच्या नुसत्या पोर्चमध्ये आमच्यासारखी तीन बिऱ्हाडं झोपली असती. मैत्रिणीच्या आईनं माझ्या आईसाठी वाण म्हणून स्टीलची डबी दिली आणि विचारलं, तुमच्याकडे कधी? मी महाराणीच्या थाटात म्हणाले, मंगळवारी, नक्की या. वर हिरव्या शटरची खूणही सांगितली. मला काय ठाऊक, बाई खरंच येतील!

मंगळवारी दुकान बंद, म्हणून आम्ही दिवसाही ओट्यावरच. संध्याकाळी रिक्षातून रेशमी साडी उतरली. बाईंनी आमची गाठोडी पाहिली, धाकट्याला पाहिलं, पण परत फिरल्या नाहीत. आई क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं पोतं अंथरलं, पुडीतली स्वयंपाकाची हळद काढली, आपल्या करंड्यातलं कुंकू लावलं आणि धाकट्यासाठी जपलेला गुळाचा खडा त्यांच्या हातावर ठेवला. बाईंनी तो तिथंच खाल्ला. मान खाली घालून रिक्षात बसल्या.

मालक वरून बघून राहिले होते. खाली येऊन शांतपणे म्हणाले, "बहनजी, रात काटने को जगह दी थी। अब तो मेहमान भी आने लगे।"

आईनं वाद घातला नाही. अंधार पडायच्या आत आम्ही स्टेशनच्या वाटेला लागलो. आता मार पडणार म्हणून मी आधीच भोकाड पसरलं होतं. आईनं हात उचलला नाही. डोक्यावरचं गाठोडं सावरत, पुढे बघतच ती म्हणाली, "काहून बोलावलंस ते नाही विचारत. पण मला सांगायचं तरी, पोरी. केसही विंचरले नव्हते मी आज."