स्पोर्टच्या स्प्रिंगा आणि चाकणचा कांदा

तमाम आप्तेष्ट, सोसायटीतले शेजारी आणि माझी गाडी वळताना पाहून कधी ना कधी हसलेले सर्व सज्जन, यांना कळवण्यास अत्यंत गंभीर आनंद होतो की, वाकड ते चाकण व परत हा खडतर प्रवास मी एका दिवसात पूर्ण केला असून, गाडी चारही चाकांवर आणि मी दोन्ही पायांवर सुखरूप आहे.

प्रवासाचं कारण घरगुती होतं. माझी गाडी बेस मॉडेल, म्हणजे तिच्या जातीतली सगळ्यात साधी. वळणावर ती अशी कलायची, की माझी बायको सुनंदा तिला 'होडी' म्हणायची. दिवाळीत सुनंदाच्या माहेराहून, चाकणच्या पुढच्या एका गावाहून, परतताना या होडीने तिला तीनदा रस्त्याच्या कडेला उतरायला लावलं. तिसऱ्यांदा तोंड धुऊन ती म्हणाली, "ही सुधारेपर्यंत मी यात बसणार नाही." तेव्हापासून ती माहेरी एसटीने जाते आणि मी तिच्या पिशव्या घेऊन मागून होडीने. पिशव्यांना पट्टा लावतो. त्या काही बोलत नाहीत.

याच गाडीचा एक 'स्पोर्ट' अवतारही कंपनी विकते. त्याच्या स्प्रिंगा नि शॉकअप कडक, गाडी जमिनीला थोडी जवळ, म्हणून वळणावर झुकत नाही. ताथवड्यातल्या एका गृहस्थाने ती घेतली आणि कॉलनीतले स्पीडब्रेकर तिच्या पोटाला घासू लागल्यावर वैतागून सगळे पार्ट काढून टाकले. ते चाकणला बबनभाऊंच्या गॅरेजमध्ये पडून होते. त्या गृहस्थाला हव्या होत्या उंच, मऊ स्प्रिंगा, म्हणजे नेमक्या माझ्या. मला नको ते त्याला हवं होतं आणि त्याला नको ते मला.

शनिवारी सकाळी निघालो. नाशिक फाट्यापर्यंत शहर मला सोडेना, भोसरीपासून ट्रक सोडेनात. मोशीला मिसळ खाल्ली. तर्री (वरचा लाल तिखट रस्सा) इतकी जहाल होती, की पुढचे दोन सिग्नल मी डोळे पुसत पाहिले. इंद्रायणीचा पूल ओलांडला आणि गाड्यांची रांग थांबली ती थांबलीच. माझ्या शेजारी एक लांबलचक ट्रेलर उभा होता. त्याच्या पाठीवर कोऱ्या करकरीत मोटारी, आणि त्यांत एक स्पोर्टही. मी तिच्याकडे परक्याच्या लग्नातल्या जिलबीकडे पाहावं तसा पाहत राहिलो.

ट्रेलरवाला खिडकीतून वाकला. बोली मराठवाड्याची. "काय भाऊ, तुमची गाडी लईच झुकायली की! मघा वळणावर मला वाटलं, मलाच नमस्कार करायली."

"संस्कारी आहे," मी म्हणालो.

"मग कुठं चाललात?"

"संस्कार कमी करायला."

बबनभाऊंचं गॅरेज कांदा मार्केटच्या पलीकडे आहे. ते मूळचे तिथल्याच शेतकऱ्यांपैकी. एका मोटार कंपनीच्या लाइनवर वीस वर्षं गाड्यांना खालून चाकं-स्प्रिंगा जोडून निवृत्त झालेले. माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलायची त्यांना सवय नाही. ते गाडीच्या पोटाकडे पाहून बोलतात.

दोन तासांत त्यांनी जुन्या स्प्रिंगा काढल्या, नव्या चढवल्या आणि जाहीर केलं, "झालं. आता गाडी बसंल (बसेल)."

आमच्याकडे गाडी बसली म्हणजे कायमची बसली. "अहो, इतक्यात?"

"तसं न्हाई, राव! चाकांवर बसंल. बोल्ट मी नुसते हातानं लावल्यात. गाडी आपल्या वजनानं बसली, की मग आवळायचे. लटकत्या गाडीचे आवळले, तर आतलं रबर पिळलेलंच ऱ्हातं आन् सहा म्हैन्यात फाटतं. लाइनवर हेच शिकिवलं मला."

गाडी गॅरेजमधल्या कामाच्या खड्ड्यावर उभी राहिली. बबनभाऊ पाना घेऊन खाली उतरले, आणि खालून आवाज आला, "तुमी ष्टेरिंगवर बसा. शेजारी कोण बसतं?"

"बायको. म्हणजे, बसायची."

"वजन किती?"

वाचकहो, पंचवीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मी कधी विचारला नाही, म्हणूनच तो पंचवीस वर्षं टिकला. "तिच्या वजनाचा काय संबंध?"

"कंपनीत कुणी येवढं करत न्हाई. पर आमी करतो. रोजच्या वजनावर आवळलं, का गाडी आवाज करत न्हाई. फोन लावून इचारा की वहिनींना."

"बबनभाऊ, मला घरी परत जायचंय."

"मग अंदाजानं सांगा. गोण्यांत सांगा. आमची कांद्याची गोणी पन्नास किलोची."

कमी सांगावं तर बोल्ट चुकणार, जास्त सांगावं तर मी. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "दीड."

समोरच्या आडत्याकडून (दलालाकडून) एक हमालमामा पाठीवर भरलेली गोणी घेऊन आले, मागाहून अर्धी. डाव्या सीटवर टेकवताना त्यांनी विचारलं, "माल म्होरं कशापायी? डिकी हाय की."

खड्ड्यातून उत्तर आलं, "माल न्हाई, मामा. वहिनी हायत त्या."

मामांनी गोणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, डोक्यावरची टोपी नीट केली आणि गोणीला पट्टा लावून गेले.

परतीच्या वाटेवर होडी नव्हती. वळणं येत होती, जात होती, आणि गाडी टेबलासारखी सरळ. खड्डे मात्र आता एकेक ओळख करून देत होते. प्रवासात माणूस काहीतरी शिकतो म्हणतात. मी शिकलो, की काहीही घट्ट आवळण्याआधी त्यावर रोजचं वजन पडू द्यावं. हे संसारालाही लावून दाखवता आलं असतं, पण हा मजकूर सुनंदा वाचणार आहे.

रविवारी माहेरी निघताना तिने गाडीभोवती एक फेरी मारली, सीट हुंगली, आणि बसली. मोशी गेली, पूल गेला. चाकणच्या पुढचं ते दिवाळीचं वळण आलं. मी श्वास रोखला. वळण संपलं. सुनंदाने पर्समधून शेंगदाण्याची चिक्की काढली, मोडली आणि खाल्ली. चालत्या गाडीत. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण हात ष्टेरिंगवर होते.

तेवढ्यात डॅशबोर्डच्या स्टँडवरचा फोन वाजला. मी विजयाच्या भरात स्पीकर लावला.

"सायेब, बबन बोलतोय! वहिनींची दीड गोणी बसली का नीट? कुरकुर न्हाई ना करत?"

सुनंदाचा हात थांबला. तिने सीटच्या फटीतून कांद्याचं एक गुलाबी साल उचललं. कांद्याच्या वखारीत लहानाची मोठी झालेली बाई ती. सालाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि फोनकडे वाकून म्हणाली,

"दीड नाही हो भाऊ, सव्वा! दीड गोणी ष्टेरिंगवर बसलीय!"