आमच्या गाण्याले पाय हायेत

त्या दिवशी सकाळी धुकं असं पडलं होतं की पार्कातला सिमेंटचा डायनासोर फक्त पोटापर्यंत दिसत होता. वरची मान कुठं गेली, पत्ता नाही. मोठा पाळणा, शेजारचं तुरीचं वावर, खामगावकडं जाणारा रस्ता, सगळं दुधात बुडवून ठेवल्यासारखं. सूर्य निघाला होता, पण लिंबाएवढा, आणि तेवढाच गार. आम्ही चार म्हातारे लाल कोट घालून गेटात उभे होतो.

आता त्या दिवसाचं सांगायचं तर आधीचं सांगावं लागतं. आम्हा बँडवाल्यांचे किस्से आहेरातल्या टॉवेल-टोप्यांसारखे साचतात. कोणता कोणाच्या लग्नातला ते आठवत नाही, पण एकही टाकून देववत नाही.

मी शाळा पाहिली नाही. अक्षरं लग्नाच्या कमानींवरून शिकलो, म्हणून ‘शुभविवाह’ मला एका दमात लिहिता येतं, बाकीच्याला वेळ लागतो. तुम्हीही सावकाश वाचा.

*

पिंपळगाव राजात आमची बँड पार्टी होती. डीजे आला, आणि आमचे कोट ट्रंकेत गेले. उरलो चार जण. क्लॅरनेटवाला पुंडलिक मास्तर, ट्रंपेटवाला बाबूभाई, खुळखुळेवाला किसना आणि ढोलवाला मी.

गेल्या हिवाळ्यात खामगाव रस्त्यावरच्या त्या पार्कातली एक मॅनेजर पोरगी गाडी घेऊन गावात आली. पार्कात चार दिवस खाण्याचा मेळा भरणार होता, त्यात तिला जुन्या काळचा बँड पाहिजे होता. मास्तरच्या ओसरीत बसून चहा प्यायली आणि विचारलं, तुमच्याकडं जुनी गाणी कोणकोणती आहेत?

मास्तरनं जरा विचार केला.

“मॅडम, आमी त नवीनच वाजवत होतो. थेच जुने झाले.”

पोरगी हसली, आणि आमचं ठरलं.

*

सगळे खूश झाले, मी सोडून. कारण माझं एक गुपित होतं. चाळीस वर्षं पोटावर ढोल बांधून माझा डावा कान पार गेला आहे, उजवा अर्धा उरला आहे. शेजारी बसून कोणी बोललं तर ऐकू येतं. पण ढोल घुमायला लागला की क्लॅरनेट मला नुसतं दिसतं.

मग मी वाजवत कसा होतो? मास्तर पुढं चालायचा, मी त्याच्या मागं. त्याची उजवी टाच जमिनीला टेकली की माझी काठी ढोलावर. अशी कित्येक लग्नं मी टाचेवर काढली. कोणाला सांगितलं नाही. बहिऱ्या माणसाला ढोल कोण देतो? आणि ढोल गेला तर मी त्या तिघांत बसणार कशाच्या जोरावर? मला दुसरं काही येत नाही.

ढोलावरचं नाव पुसट झालं होतं. माझ्या शेजारी शालिकराम पेंटर राहतो, दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्यानं नाव नव्यानं लिहून दिलं आणि दम पण दिला, “घरात वाजवू नोको बे, भित्ताड हालते.”

*

कोट काढले तेव्हा त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. बाबूभाईच्या कोटाचं एकही बटण लागेना. त्याची बायको म्हणाली, श्वास धरून ठेवा. तो म्हणाला, मग फुंकू काय?

किसनाचं उलटं झालं होतं. त्याचा कोट गुडघ्यापर्यंत लोंबत होता. आम्ही हसलो तर तो आरशात बघत शांतपणे म्हणाला,

“कोट थोच हाय गा. मंधातला माणूसच कमी झाला.”

*

पहिल्या दिवशी आम्हाला स्टेजवर बसवलं. गादीच्या खुर्च्या, पुढं माइक, मागं रंगीत पडदा. मास्तर पुढच्या रांगेत, मी मागं. त्याचे पाय खुर्चीखाली गेले आणि माझा ताल गेला. मी अंदाजानं काठी मारत राहिलो. बाबूभाई एकीकडं, किसना दुसरीकडं. खाली बसलेल्या बायांनी भरीत-भाकरीचे घास हातातच धरले. एक लेकरू रडायला लागलं.

साउंडवाला त्या मॅनेजर पोरीला म्हणाला, ढोल मशीनवरून सोडता येतो, आजोबांना आराम द्या. हे तो माझ्या उजव्या बाजूला उभा राहून म्हणाला, म्हणून मला ऐकू आलं. माझ्या हातातली काठी एकदम जड झाली.

मास्तर खुर्चीवरून उठला. क्लॅरनेट बगलेत धरून म्हणाला,

“थे मशीन राहू द्या. आमच्या गाण्याले पाय हायेत, मॅडम. आमाले चालू द्या.”

आणि तो स्टेजच्या पायऱ्या उतरला. मी ढोल सावरत मागोमाग. खाली फरशीवर त्याची टाच टेकली, माझी काठी पडली, आणि गाणं जागेवर आलं.

*

चाळीस वर्षांची सवय. लग्नात बँड पावण्या-रावळ्यांच्या दारापुढं थांबतो, तसे आम्ही एकेका स्टॉलपुढं थांबायला लागलो. कोणी ठरवलं नव्हतं, पायच थांबत होते. मागं माणसं जमा होत गेली, कोणाच्या हातात वरण-बट्टीचं ताट, कोणाच्या हातात जिलबी. बट्टी कुस्करत वरातीतून चालणारे लोक मी पहिल्यांदाच पाहिले.

वरवट बकालच्या एका बाईचा पुरणाच्या मांड्यांचा स्टॉल होता. आम्ही थांबलो तशी ती पदर खोचून बाहेर आली. वरातीत नोट ओवाळून बँडवाल्याला देतात, ते तिच्या अंगात मुरलेलं. पण हल्ली सगळे मोबाइलवरून पैसे देतात, तिच्या गल्ल्यात नोट कुठली? तिनं इकडं तिकडं पाहिलं, तव्यावरचा एक मांडा उचलला, किसनाच्या तोंडावरून तीनदा ओवाळला आणि त्याच्या हातात ठेवला.

किसना खुळखुळे खिशात घालून मांडा खात खात चालला. मला खुळखुळ्याचा आवाज असाही येत नव्हता, म्हणून माझं काही अडलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी नवीनच अडचण आली. वरात मांडवाशी पोचते, नवरदेव घोड्यावरून उतरतो, बँड थांबतो. इथं नवरदेवच नाही, तर थांबायचं कुठं? आम्ही पार्काला तीन फेरे मारले. बाबूभाईचं तोंड लाल झालं.

तेवढ्यात सुलतानपूरहून आलेले एक म्हातारा-म्हातारी पुढं आले. म्हातारा मास्तरला म्हणाला, आमचं लग्न दुष्काळात झालं, बँड नव्हता. आता वाजवाल काय?

पार्कात लेकरांची एक छोटी आगगाडी आहे. मॅनेजर पोरीनं त्या दोघांना पहिल्या डब्यात बसवलं. आम्ही पुढं, मागं आगगाडी मुंगीच्या पावलानं. दिवस मावळत होता. झाडांवरच्या माळा नुकत्याच लागल्या होत्या, पाण्याच्या टाक्यात त्यांचे लाल-हिरवे ठिपके डोलत होते. म्हातारा दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत होता. मला वाटलं, मी हे सगळं झोपेत पाहतो आहे आणि मधूनमधून फक्त मास्तरची टाच खरी आहे.

वळणावर गाणं संपलं आणि पहिला डबा माझ्या उजव्या बाजूला येऊन थांबला, तेव्हा म्हातारी त्याला म्हणत होती,

“आता तरी सरळ बसा. लोकं पाहून राह्यले.”

*

तिसऱ्या दिवशी सकाळच्या न्याहारीला वाजवायचं होतं, आणि पहिल्यांदा धुकं पडलं. फार नव्हतं, पण मास्तरचे काळे बूट त्यात विरघळून गेले. मी पुढं सरकलो, तरी टाच दिसेना. एक ठोका जास्तीचा पडला, मग दुसरा. मास्तरनं मान वळवली नाही.

न्याहारी झाल्यावर किसनानं माझ्याजवळ येऊन विचारलं, “काय गा, ढोल बुढा झाला का तू?”

मी हसलो. दुसरं काय करणार? मनात म्हटलं, उद्या शेवटचा दिवस, उद्या धुकं वाढलं तर आपलं सगळं बाहेर येईल. त्यापेक्षा आपणच सांगून ढोल खाली ठेवावा. संध्याकाळी गावात परतल्यावर सांगायला म्हणून मी मास्तरच्या दारात गेलो. मास्तर घरी नव्हता. त्याची बायको म्हणाली, बूट घेऊन कुठं तरी गेले, शिवायचे असतील.

*

तर चौथ्या दिवसाचं ते धुकं. डायनासोरची मान नाही, पाळणा नाही, बाबूभाईचा ट्रंपेट हातभर अंतरावर नाही. मी मास्तरला गाठून म्हटलं, पुंडलिका, मला एक सांगायचं आहे. तो म्हणाला, वाजवून झाल्यावर सांगजो. आणि चालायला लागला.

मी खाली पाहिलं. धुक्यात त्याचे बूट नव्हते, पाय नव्हते, कोटही नव्हता. ओल्या काळ्या फरशीवर फक्त दोन पांढऱ्या टाचा होत्या. वर, खाली, वर, खाली, दोन बगळे पाण्यात चालावेत तशा. मला वाटलं, मांड्यांच्या स्टॉलवर सांडलेल्या पिठात पाय पडला असेल याचा. देवासारखं ते पीठ आलं. मी त्या टाचांवर नजर ठेवली आणि काठी सोडली.

तसं मी आयुष्यात वाजवलं नाही. लोक दिसत नव्हते, पण मागून येत होते, ते फरशीतून पायाला कळत होतं. गाणं संपलं तेव्हा मास्तर वळून म्हणाला, “हं, काय सांगाचं होतं तुले?” मी म्हटलं, काही नाही.

दुपारी घरी आलो. अंगणात ढोल उतरवून बसलो तर शालिकराम कुंपणापाशी ब्रश धूत होता. त्यानं हात पुसले, फाटक उघडून आत आला, माझ्या डाव्या बाजूनं वळसा घालून उजव्या बाजूला येऊन टेकला आणि म्हणाला,

“काल तुहा मास्तर माह्याकडून पांढरा ऑइलपेंट मांगाले आला होता. वाळाले पाह्यजे म्हणून बूट रातभर माह्याच वसरीत ठेवले. मी म्हटलं, अख्खा बूटच रंगवून देतो ना. त म्हणे, नाही गा, फक्त टाचाच रंगव.”