डिंक न विकणारा डिंकवाला

बायको बाळंतीण, कंबर धरलेली, घरात दुसरी बाई नाही. म्हणून ऐन थंडीत डिंकाचे लाडू मीच वळले. एक हातातून निसटला, तर फरशी तडकली. दुसरा घेऊन तडक शिरूरचा बाजार गाठला.

"मामा, डिंक खोटा दिलात."

म्हाताऱ्या डिंकवाल्यानं लाडू कानाशी धरून नखानं वाजवला.

"पाव्हणं, मूठभर डिंक एकदम तुपात वतला व्हय? आतनं कच्चा ऱ्हायलाय. चार-चार खडं तळायचं, बोटानं चुरलं पायजेत."

"मग द्या अर्धा किलो."

"न्हाई द्यायचा. हायेत ते कुटून दुधात शिजवा. कमरंला बळ तेवढंच येतं."

गिऱ्हाईक हाकलणारा दुकानदार मी तेवढा एकच पाहिला. आठव्या दिवशी बायको ताठ उठली आणि तिनं मला स्वयंपाकघरातून हाकललं.