शिमुनकाकांचं मीठ

शिमुनकाका दर शनिवारी पाठीवर मिठाची पिशवी घेऊन पठारावर चढायचे. सपाट दगडांवर घोड्यांना चाटायला खडेमीठ पसरायचे आणि "हो-ओ, दोर्का!" अशी हाळी द्यायचे. दोर्का त्यांची घोडी. ट्रॅक्टर आल्यावर गावाने आपापले घोडे वर नेऊन सोडले, तसं त्यांनीही तिला सोडलं. ती कधीच मेली, पण तिच्या नातवंडा-पतवंडांनाही काका त्याच नावाने हाका मारत. माराकाकू म्हणायच्या, "मला नाही कधी एवढ्या प्रेमाने हाक मारलीत!" काका म्हणायचे, "तुला कुठे सोडून आलोय मी?"

पुढे हेच घोडे बघायला पाहुणे यावेत म्हणून सरकारी निधी आला. मी पालिकेच्या पर्यटन खात्यात. वर्षाच्या आत खर्च झाला नाही तर निधी परत जाणार, म्हणून घोडे बघायचा लाकडी मनोरा पठारावर न बांधता घाईघाईत खाली डांबरी रस्त्याला लागूनच बांधला. 'रानटी घोडे' अशी पाटी लावली. घोडे मात्र तिकडे फिरकेनात. पाहुणे मोकळं माळरान बघायचे, आमचं चीज खायचे आणि परत जायचे.

साहेब माझ्यावर उखडले. "दाखवायला घोडेच नाहीत, तर पुढच्या वर्षी निधी कोण देणार? तुझा पगारही त्यातूनच निघतो, विसरू नकोस. त्या शिमुनला गाठ."

मी गेले. "काका, मीठ खाली मनोऱ्यापाशी टाका ना."

"पोरी, एकदा रस्त्याची चटक लागली की ते हटायचे नाहीत. ट्रक जातात तिथून."

"पुढचा निधी मंजूर होईपर्यंत, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे!"

"नाही म्हटलं ना."

माझी जीभ मेली आधीच तिखट. म्हणाले, "एवढा पुळका आहे, तर दोर्काला वर सोडताना कुठे गेला होता?"

माराकाकू मक्याच्या पिठाची उकड ढवळत होत्या. त्यांचा हात थांबला. त्या शनिवारी मीठ मनोऱ्यापाशी पडलं.

घोडे आले. शाळांच्या सहली आल्या, फोटो छापून आले, निधी वाढला. साहेबांनी माझ्या टेबलावर केक पाठवला. मला लाज वाटायला हवी होती. मी तो खाल्ला, वर घरी पोरांनाही नेला.

नोव्हेंबरच्या धुक्यात एक गाभण घोडी ट्रकखाली आली. ड्रायव्हरचाही पाय मोडला. काका म्हणे दुपारपर्यंत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. मी तिकडे फिरकले नाही, छातीच झाली नाही.

चौकशीची बैठक भरली. इतिवृत्त लिहायला मीच. साहेबांनी विचारलं, "रस्त्यालगत मीठ कोणी टाकलं?" जसं काही त्यांना माहीतच नव्हतं!

"मी," काका म्हणाले.

"कोणाच्या सांगण्यावरून?"

काकांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तरी बरं झालं असतं. मी वहीत डोकं खुपसलं. मनात म्हणत होते, घ्या नाव, घेऊन टाका एकदाचं. आणि त्याच मनात दुसरीकडे, देवा, नका घेऊ.

"कोणाच्या नाही. घोडी माझी, मीठ माझं."

मी लिहिलं, 'शिमुन यांनी मीठ स्वतःच्या मर्जीने टाकले.' मर्जीचं काका बोललेच नव्हते, ते मी घातलं. मग साहेबांनी सांगितलं, की आजपासून शिमुनला पठारावर जायची बंदी. तेही मीच लिहिलं, आणि सहीसाठी वही काकांपुढे सरकवली.