बाण कपाटात, मी डोंगरात

हृदयात दोन स्प्रिंगा बसवून घेतल्यापासून मला एकट्याने न्हाणीघरातही जाता येईना. म्हणजे जाता यायचं, पण आतून कडी लावायची नाही, असा हुकूम होता. मी तीस वर्षं शाळेत क्रीडाशिक्षक होतो. माझी शिट्टी वाजली की अख्खं मैदान जागच्या जागी थिजायचं. आणि आता मी नुसती चप्पल पायात सरकवली, तरी स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज यायचा, "कुठं चालले? थांबा, पोस्टमास्तरले बोलावते."

पोस्टमास्तर म्हणजे आमचे शेजारी. माझ्यासारखेच निवृत्त. सकाळच्या फिरण्यात माझ्यावर लक्ष ठेवायचं काम बायकोने त्यांना दिलं होतं आणि त्यांनी ते मनावर घेतलं होतं. गावाच्या वेशीपासून मारुतीच्या पारापर्यंत ते मला आपल्या मूळव्याधीची हकिगत सांगत, आणि परत येताना तीच हकिगत पुन्हा, जास्त तपशिलाने. माणूस मनाने फार चांगला. पण डॉक्टरांनी मला ताण टाळायला सांगितलं होतं, आणि ताण तर माझ्या शेजारून काठी टेकत चालत होता.

त्याच दिवसांत मोबाइलवर मला तो अमेरिकन सापडला. पाठीवर पिशवी, हातात धनुष्य, आणि आठ दिवस डोंगरात एकटा, एल्क नावाच्या जनावराच्या मागावर. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ म्हणा. मी शाळेत मुलींना बांबूच्या धनुष्यावर तिरंदाजी शिकवायचो, त्यामुळे आधी माझी नजर त्याच्या हाताकडे गेली. कोपर चुकत होतं. "कोपर वर घे बे!" असं मी मोबाइलवर ओरडलोसुद्धा. पण मग हळूहळू कोपर विसरलो. आठ दिवसांत त्याला एकाही माणसाने 'कुठं चालले' म्हणून विचारलं नव्हतं. मला त्याच्या शिकारीचा हेवा वाटला नाही, त्या आठ दिवसांचा वाटला. इतका वाटला की चहा तसाच गार झाला.

शिकारीला आपल्याकडे बंदी आहे, आणि ती नसती तरी मला कापलेली कोंबडीसुद्धा बघवत नाही. म्हणून मी माझा खेळ ठरवला. अभयारण्याच्या बाजूला फिरकायचंच नाही. आमच्या गावामागे टेकडी आहे, तिथे रात्रभर लोकांचा हरभरा खाऊन रोही आराम करायला जातात. रोही म्हणजे नीलगाय. घरात पडून असलेलं माझं जुनं बांबूचं धनुष्य घेऊन एकट्याने जायचं, वीस पावलांवर पोचायचं, रिकाम्या धनुष्याची दोरी ओढायची, एक श्वास धरायचा आणि हळूच सैल सोडायची. बस्. रोह्याला कळणारही नाही की तो वाचला.

बायकोला हे सांगितलं तेव्हा ती तूर पाखडत होती.

"अन् तिथं तुमच्या छातीत दुखलं तर रोही येईन का दवाखान्यात घेऊन?"

"तू येते का मंग डोंगरात?" मी चिडवलं. ती घाटाखालची, सपाटीवरच्या वडनेर भोलजीची. आम्ही घाटावरचे. "तुमच्याकडं चढ म्हणजे ओट्याच्या दोन पायऱ्या. तुले काय झेपणार डोंगर!"

तीन दिवस अबोला, दोन दिवस भांडण, आणि शेवटी करार झाला. दुपारी बाराच्या आत मी कोणाच्याही मदतीशिवाय, आपल्या पायांनी घरी आलो, तर पोस्टमास्तरांची ड्युटी कायमची बंद. नाही आलो, तर मरेपर्यंत मूळव्याध ऐकायची. शिवाय बाण घरीच राहतील. ते तिने कपाटात ठेवले आणि किल्ली कमरेला खोचली. जिभेखाली ठेवायच्या गोळीची डबी मात्र तिने स्वतःच्या हाताने माझ्या शर्टाच्या खिशात घातली आणि वरून दोनदा थोपटली.

पौषातली सकाळ होती. मी जुना खाकी शर्ट घातला. जनावराला आपला वास येता कामा नये, असं त्या अमेरिकनाने बजावून सांगितलं होतं. पण निघताना बायकोने माझ्या दोन्ही गुडघ्यांना बाम चोळला, आणि तो इतका चोळला की माझा वास देऊळगाव राजापर्यंत गेला असेल.

वेशीबाहेर पडतो न पडतो तोच एक मोटारसायकल थांबली. गावातलाच, माझा जुना विद्यार्थी. आता त्याची पोरगी कॉलेजला आहे.

"एकटेच, सर? बसा, सोडतो."

"कुठं सोडतो?"

"तुम्ही जाल तिथं."

"मले एकट्याले जायचं हाये."

त्याने धनुष्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "घरी भांडण झालं काय, सर?"

मी खिशातून शिट्टी काढून जोरात वाजवली. तो सवयीने ताठ झाला आणि गाडी घेऊन निघून गेला. पण ते आठ दिवस एकटं राहणं आपल्या मुलखात का होऊ शकत नाही, ते मला तिथे कळलं. आपल्याकडे एकटा चाललेला माणूस म्हणजे काहीतरी बिघडलेला माणूस.

टेकडीच्या पायथ्याशी बकऱ्या चारणारा म्हातारा भेटला. त्याने मान वर करून मला नीट न्याहाळलं.

"राम राम, सर. धनुष्य हाये, बाण कुठं हायेत?"

"घरी."

"मंग?"

"मंग काही नाई."

त्यावर तो माझ्या खांद्यावरून मागे, उताराकडे पाहत राहिला आणि तोंडातले उरलेले दोन दात दिसेपर्यंत हसला. "बरं हाये," म्हणाला. "जा. एकटेच जा." हसणं माझ्या धनुष्याला होतं असं समजून मी रागारागाने चढायला लागलो.

चढ माझ्या आठवणीत होता त्यापेक्षा उभा निघाला. अर्ध्या वाटेत दम लागला. नाही म्हणत नाही, भीतीही वाटली. छातीत काही होत नव्हतं, पण होईल का, होईल का, असं ऐकत मी चालत होतो. एका मोठ्या दगडावर बसलो. खाली गाव दिसत होतं, पण गावातलं कोणी मला बघत नव्हतं. कितीतरी महिन्यांनी माझा श्वास फक्त मी मोजत होतो. डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू. मग मी खिशात हात घातला, जे खायचं होतं ते खाल्लं आणि उठलो.

वरच्या अंगाला पिवळं कुसळी गवत गुडघ्यापर्यंत वाढलेलं होतं. तिथे मला लेंड्यांचा ढीग सापडला. रोही रोज एकाच जागी लेंड्या टाकतात, आणि या अगदी ताज्या होत्या. मी चिमूटभर गवत उडवून वारा बघितला. वारा तोंडावर होता, म्हणजे माझा बाम मागे चालला होता. वाकून, थांबत थांबत मी पुढे सरकलो. खोकला आला की तोंड बाहीत खुपसायचो.

आणि तो दिसला. निळसर करडा, घोड्याएवढा नर, पळसाच्या आडोशाला उभा राहून आरामात रवंथ करत होता. तीस पावलं. अठ्ठावीस. तो कान हलवायचा, मी थांबायचो. पंचवीस. मी धनुष्य उचललं आणि दोरी ओढली. कोपर वर. आणखी थोडं पुढे जावं म्हणून पाऊल उचललं, आणि रोह्याने मान वर केली. गंमत म्हणजे तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या मागे, थोडं डावीकडे बघत होता. मग एक फुरफुर, आणि तो पलीकडच्या उतारावरून पळताना दगड घरंगळल्याचा आवाज.

मी अंतर दोनदा पावलांनी मोजलं. तेवीस. तीन पावलं कमी पडली. मी वाऱ्याला, बामाला आणि त्या अमेरिकनाला शिव्या घातल्या. तरी घड्याळात पाहिलं तर वेळ हातात होता. वाटेत पोस्टमास्तर भेटू नयेत म्हणून नाल्याच्या लांबच्या वाटेने उतरलो.

दारात पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. बायको ओसरीवर बसून साडीच्या काठाला अडकलेली कुसळं एकेक करून काढत होती. दारामागच्या खुंटीवर माझं घोंगडं उलटं टांगलं होतं, आणि त्यालाही कुसळं.

मी दोन महिने मोबाइलवर माग काढायला शिकत होतो. हे गवत टेकडीच्या वरच्या अंगाशिवाय कुठे नाही.

"कुठं गेली होती?"

"मी कुठं जाते? घरीच तर होती."

"अन् हे काय?"

तिने हातातल्या कुसळाकडे पाहिलं. "बरं, गेली होती."

"मले पायाचा आवाज काऊन नाई आला?"

"चप्पल हातात घेतली होती. तुम्ही थांबले का थांबत होती, तुम्ही खोकलले का चालत होती. किती खोकलता हो तुम्ही! चालाले अडचणच नाई पडली."

"मंग रोही तुले पाहून पळालं!"

"मले शिंक आली, पदरात दाबली तरी त्यानं ऐकली. त्याले मी काय करू? सारा बाम माझ्याकडंच येऊन राह्यला होता."

माझा पारा चढला. करार मोडला, विश्वासघात केला, असं मी बरंच बोललो. घाटाखालच्या बाईने मला डोंगरात गाठलं, हे तर फारच लागलं. 

"मी एकदा तरी पुढं आली का?" ती म्हणाली. "तुम्ही त्या दगडावर बसले. डोळे पुसले. मंग छातीवर हात नेला, खिशाकडं. मले वाटलं, गोळी." तिने कुसळं काढणं थांबवलं. "उठून उभी राह्यली मी. दोन पावलं टाकली. हाक मारणारच होती. अन् तुम्ही खिशातून पुडी काढली. चिवडा! पोस्टमास्तरनं देल्लेला, तळलेला. चार महिने झाले, तेलाचा थेंब तुमच्या तोंडात जाऊ देल्ला नाई मी. अन् तुम्हाले तो चिवडा खातानी पाह्यलं तं तिथंच खाली बसली अन् देवाले हात जोडले."

  मी तिच्याजवळ बसलो आणि तिच्या साडीतली कुसळं काढायला लागलो.

"जात जा एकटे," शेवटचं कुसळ निघाल्यावर ती म्हणाली. "येते तुम्हाले."

आता मी आठवड्यातून दोनदा टेकडीवर जातो. खरोखर एकटा, कारण मी दर पन्नास पावलांवर मागे वळून बघतो. गोळीची डबी शर्टाच्या खिशात असते. चिवडा मी पँटच्या खिशात ठेवतो.